वाचलेलं लक्षात का राहत नाही? मेंदू आणि अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक आणि नोकरी सांभाळून परीक्षा देणारे लोक हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. तुमचा प्रश्न शोधून तेवढाच वाचलात तरी चालेल. पहिले चार मात्र सगळ्यांनी वाचावेत, कारण बाकीचं बरंचसं त्यांच्यावर उभं आहे.

धडा चार-चार वेळा वाचते, तरी पेपरात आठवत नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

बहुतेक नाही. दुसऱ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो. तिसऱ्यांदा तर पुढचं वाक्य काय येणार तेही कळतं आणि मन म्हणतं, 'झालं, येतंय मला.' फसगत होते ती इथेच. पुस्तक समोर असताना ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदासमोर आठवणं वेगळं. पेपरात दुसरं काम करावं लागतं, आणि तुमचा सराव झालेला असतो पहिल्याचा.

१९७९ साली निकरसन आणि ॲडम्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकी लोकांना एक सेंटचं नाणं आठवून काढायला लावलं. जन्मभर हाताळलेलं नाणं! तरी त्यावरचा चेहरा कुठल्या बाजूला बघतो, कोणती अक्षरं कुठे आहेत, यात बहुतेकांची दांडी उडाली. हजारो वेळा नजरेखालून गेलेलं नाणं आठवत नसेल, तर चारदा वाचलेला धडा आठवत नाही यात नवल काय? डोळ्यांखालून जाणं म्हणजे लक्षात राहणं नव्हे.

मग करायचं काय?

पुस्तक मिटायचं आणि आठवायचं. कोऱ्या कागदावर, आठवेल तसं, मोडक्यातोडक्या वाक्यांत.

समजा प्रकाशसंश्लेषणाचा धडा एकदा वाचलात. पुस्तक मिटून कागद घ्या. पहिली दोन मिनिटं पेन झरझर चालतं: हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड, ग्लुकोज, ऑक्सिजन. मग ते थांबतं. बाहेर पडणारा ऑक्सिजन नेमका कशातून येतो? कार्बन डायऑक्साइडमधून की पाण्यातून? वाचताना हे वाक्य सरळ डोळ्यांखालून गेलं होतं आणि कुठेही अडखळायला झालं नव्हतं. आता अडखळलात. इथे लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर डोकं खाजवा, अंदाज करा आणि तो लिहा. मग पुस्तक उघडा (उत्तर आहे: पाण्यातून) आणि राहिलेलं, चुकलेलं सगळं लाल पेनाने त्याच कागदावर भरा.

कागदावर निळं किती आणि लाल किती, ते पाहा. उद्या फक्त लाल भागाचा अभ्यास करायचा आहे. संपूर्ण धडा परत वाचण्याची गरज नाही, आणि यातच केवढा वेळ वाचतो.

लिहायचा कंटाळा असेल तर मोठ्याने बोला. भिंतीला शिकवा. घरातल्या धाकट्या भावंडाला शिकवलंत तर जास्तच चांगलं, कारण ते मध्येच 'पण का?' विचारतं.

आठवून पाहिल्याने एवढा फरक पडतो, याला पुरावा काय?

पुरावा भरपूर आहे, त्यातला एक सविस्तर सांगतो. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवेल ते लिहून काढलं. बरोबर-चूक कोणी सांगितलं नाही, उतारा परत दाखवला नाही.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी पारडं फिरलं: ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

पहिला आकडा विसरू नका, कारण घोटाळ्याचं मूळ त्यात आहे. अभ्यास संपवून उठताना तुम्ही जी चाचपणी करता ती पाच मिनिटांनंतरची असते, आणि पाच मिनिटांनंतर वाचनच जिंकतं. त्याच संशोधकांनी पुढच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अंदाज विचारला की आठवड्याने तुम्हाला किती आठवेल. सगळ्यात जास्त आत्मविश्वास चार वेळा वाचणाऱ्यांना होता. आठवड्याने सगळ्यात मागे तेच होते.

आठवायला बसलो आणि काहीच आठवलं नाही तर वेळ वाया गेला ना?

नाही. उत्तर आठवण्याची खटपट फसली तरी, नंतर लगेच बरोबर उत्तर पाहिलं तर ते नुसतं वाचण्यापेक्षा चांगलं बसतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. अट एकच: उत्तर तपासायचं. चुकीचं आठवून तसंच पुढे गेलात तर चूक पक्की होण्याचा धोका खरा आहे.

आणि हो, हे करताना बरं वाटत नाही. धडा वाचताना हुशार वाटतं, कागदासमोर बसल्यावर मठ्ठ. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्योर्क या दांपत्याने अशा अडचणींना 'हव्याशा अडचणी' म्हटलं आहे: शिकताना गती कमी करणाऱ्या, पण शिकलेलं टिकवणाऱ्या. माझ्या अनुभवात ही पद्धत सोडून देणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच सोडतात, आणि कारण हेच असतं: 'वाचलं की येतंय असं वाटतं, आठवायला गेलं की काहीच येत नाही.' येत नव्हतंच. आता ते कळतंय.

लक्षात राहतं म्हणजे मेंदूत नेमकं होतं तरी काय?

मेंदूत आठवणींचं कपाट नाही. चेतापेशींमध्ये जिथे निरोपाची देवाणघेवाण होते त्या जोडांना सिनॅप्स म्हणतात. शिकण्याने हे जोड बळकट होतात, काही कमकुवत होतात, काही नव्याने तयार होतात. एरिक कँडल यांनी हे एका समुद्री गोगलगायीवर दाखवलं, कारण तिच्या चेतापेशी थोड्या आणि आकाराने मोठ्या असतात. थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीला असलेल्या जोडांतले रासायनिक बदल पुरतात; दीर्घकाळ टिकणाऱ्या आठवणीसाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात आणि नवे जोड उभे राहतात. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. बांधकाम म्हटलं की वेळ लागणारच. एका रात्रीत कोंबलेला अभ्यास का टिकत नाही, याचं अर्धं उत्तर यात आहे.

मेंदूचा कोणता भाग हे काम करतो, हे मात्र एका माणसाच्या दुर्दैवातून कळलं. हेन्री मोलेसन यांना फेफऱ्याचा तीव्र त्रास होता. १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण नव्या घटना लक्षात राहणं बंद झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्या. मोलेसन यांच्या लेखी प्रत्येक भेट पहिलीच. गंमत अशी की मिल्नरबाईंनी त्यांना आरशात बघून तारा गिरवायला दिला, तेव्हा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला, आणि हे आपण आधी केलं आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे माहितीची स्मृती आणि हाताच्या कौशल्याची स्मृती वेगवेगळ्या वाटांनी जातात. गणित 'समजलं' असूनही हात चालत नाही, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी ही गोष्ट हमखास सांगतो.

उजळणी किती दिवसांनी करावी?

थोडं विसरल्यावर, पण पूर्ण विसरण्याआधी.

विसरण्याचा हिशोब पहिल्यांदा मांडला तो हर्मन एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने, १८८५ साली. हा माणूस स्वतःच प्रयोगशाळा आणि स्वतःच उंदीर. अर्थ नसलेल्या अक्षरजोड्यांच्या याद्या तो पाठ करायचा आणि ठरावीक वेळाने त्या परत पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, तासाने ४४, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. म्हणजे घसरण सुरुवातीला भयंकर आणि नंतर मंद. तुमचा धडा अर्थपूर्ण असतो, त्यामुळे तो इतक्या वेगाने जाणार नाही, पण घसरगुंडीचा आकार साधारण तोच.

मग अंतर किती ठेवायचं? २००८ साली सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक लोकांवर हे तपासलं. परीक्षा किती दूर आहे यावर उत्तर ठरतं. आठवडाभरच लक्षात ठेवायचं असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर चांगलं. वर्षभर ठेवायचं असेल तर तीन-चार आठवड्यांचं. एवढं गणित मांडत बसायचं नसेल तर माझा ढोबळ हिशोब घ्या: दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी, मग महिन्याने. या तारखा काही शास्त्राने ठरवून दिलेल्या नाहीत, एखादा दिवस इकडेतिकडे झाल्याने काहीही बिघडत नाही.

रोज कशाची उजळणी करायची हे लक्षात ठेवणं हीच एक परीक्षा होते. सोपा उपाय?

कार्डं आणि खोका. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ही युक्ती लोकप्रिय केली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. खोक्याचे चार-पाच कप्पे. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार-पाच दिवसांनी, चौथा पंधरवड्याने. पक्की झालेली कार्डं आपोआप लांबच्या कप्प्यांत सरकतात आणि नाठाळ कार्डं रोज तोंडासमोर येतात. 'अंकी'सारखी अ‍ॅप्स हेच काम फोनवर करतात.

एक सावधगिरी. कार्डावर एकच लहान प्रश्न असावा. 'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं' हे कार्ड कुचकामी आहे, कारण निम्मं उत्तर आलं तर आलं म्हणायचं की नाही, हेच ठरत नाही. आणि उत्तर मनात पूर्ण म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. 'हां, हे येतं' म्हणून उलटवणं म्हणजे परत तोच नाण्याचा प्रकार.

परीक्षा आठ दिवसांवर आहे. आता हे सगळं शक्य आहे का?

सगळं नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, पुस्तक बंद ठेवून सोडवा, अडेल तेवढंच वाचा, दोन दिवसांनी तेच प्रश्न परत. रात्री झोपा.

गणिताचं काय? तिथे पाठ करण्यासारखं काही नसतं.

गणितात घोळ वेगळ्या ठिकाणी होतो. पुस्तकात एका प्रकरणाखाली एकाच प्रकारची वीस उदाहरणं असतात. तिसऱ्या उदाहरणानंतर कोणतं सूत्र लावायचं हा विचार करावाच लागत नाही, हात आपोआप चालतो. पेपरात मात्र उदाहरणाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं.

रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. वीस! आठवड्यापूर्वी याच मुलांना सगळं 'येत' होतं.

तेव्हा नवी रीत शिकताना पाच-सहा उदाहरणं सलग करा, हात बसू द्या. त्यानंतर आधीच्या तीन-चार प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी मिसळा. सुरुवातीला जास्त चुका होतील. होऊ देत.

पाठांतर म्हणजे घोकंपट्टी, ते वाईटच ना? समजलं की झालं.

इथे माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. अर्थ न कळता घोकणं वाईट. पण काहीच पाठ नसणं त्याहून वाईट.

कारण असं की आपण एका वेळी मनात धरून ज्यावर विचार करतो ती जागा फार छोटी आहे. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी ती सात, दोन कमी-जास्त, एवढ्या घटकांची असल्याचं म्हटलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती चारच्या आसपास आणली. आता हा आकडा एकदा वाचून न बघता म्हणा: १४९२१७८९१९६९. बारा अंक, जमणार नाही. पण ज्याला इतिहास येतो त्याला यात तीनच गोष्टी दिसतात: कोलंबस, फ्रेंच राज्यक्रांती, चंद्रावरचं पाऊल. त्याची जागा मोठी नाही. त्याच्याकडे आधीचं गाठोडं आहे. ज्याला पाढे येत नाहीत त्याची अर्धी जागा सात आठे किती यातच अडकते आणि उदाहरणातला खरा विचार करायला जागा उरत नाही.

हायलाइटर वापरू की नको?

वापरा, पण त्याला अभ्यास म्हणू नका. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुन्हा वाचन या दोन्ही तळाच्या गटात गेल्या. वरच्या गटात दोनच: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यासात अंतर ठेवणं. माझं कॉलेजमधलं एक पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. त्यात पिवळं नसलेलं वाक्य शोधावं लागतं. त्या विषयातलं आज मला काय येतं, ते विचारू नका.

रात्रभर जागून अभ्यास केला तर?

दुसऱ्या दिवशीचा पेपर कसाबसा निघेलही. पण तुम्ही आठवण पक्की होण्याच्या वेळेवरच डल्ला मारता आहात.

झोपेत मेंदू बंद पडत नाही. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींची नोंद घेतली. दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्याच नंतर झोपेत पुन्हा एकत्र पेटत होत्या, जणू दिवसाची उजळणी चालली आहे. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पसमधली ताजी माहिती मेंदूच्या बाहेरच्या थरात हळूहळू रुजते, असं आज मानलं जातं. झोपेनंतर विसरणं कमी होतं, हे तर १९२४ सालीच जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर दाखवलं होतं.

अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तासांची आहे, ६ ते १२ वयाला ९ ते १२. कॉफीवर रात्र काढणाऱ्यांसाठी: झोपेची जाणीव करून देणारं अ‍ॅडेनोसिन जिथे चिकटतं ती जागा कॅफिन अडवतं. थकवा तसाच राहतो, फक्त कळेनासा होतो. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातलं अर्धं रात्री अकराला अंगात असतं.

पहाटे उठून केलेला अभ्यास जास्त लक्षात राहतो, हे खरं आहे का?

ज्याला पहाटे ताजंतवानं वाटतं त्याच्यासाठी. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप न येणं हा उद्धटपणा नाही. बारा वाजता झोपलेल्याला चारला उठवून बसवलंत तर पुस्तक उघडं राहील, एवढंच.

फोन शेजारी पालथा ठेवला तर चालेल ना? मी बघत नाही.

दुसऱ्या खोलीत ठेवा. मेंदू दोन विचारांची कामं एकाच वेळी करत नाही, तो इकडून तिकडे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला वेळ जातो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो. संदेश वाचायला दहा सेकंद लागतात हे खरं. 'तिने नुसतं हं का लिहिलं?' हा विचार पुढची दहा मिनिटं खातो.

अभ्यास करताना गाणी ऐकावीत का?

शब्द असलेली गाणी वाचनाच्या आड येतात, कारण दोन्हींना भाषेची तीच यंत्रणा लागते. आकृती रंगवताना, नोट्स लावताना खुशाल ऐका. मोत्सार्टमुळे बुद्धी वाढते ही समजूत १९९३ च्या एका प्रयोगातून आली: ३६ विद्यार्थी, आकारांच्या कोड्यांत किंचित सुधारणा, तीही दहा-पंधरा मिनिटं टिकणारी. त्यावरून पुढे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटण्यासाठी सरकारी पैसा मागितला. बाळांवर तो प्रयोग झालाच नव्हता.

माझा मुलगा 'बघून शिकणारा' आहे. त्याला ऐकून शिकवलेलं कसं कळणार?

आवड खरी असू शकते, पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, असं दिसत नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि इतर तिघांनी यावरचं संशोधन चाळलं आणि शाळांनी यावर वेळ-पैसा घालावा इतका पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलं. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो, उच्चार सगळ्यांनाच ऐकून. उलट शब्द आणि चित्र दोन्ही एकत्र दिले तर बहुतेकांना फायदा होतो. मुलाला 'तू असाच' असा शिक्का मारला की तो बाकीच्या वाटा स्वतःच बंद करतो, ही माझी खरी तक्रार.

'अमका डाव्या मेंदूचा, तमका उजव्या मेंदूचा' आणि 'आपण दहाच टक्के मेंदू वापरतो' हेही याच पेटाऱ्यातलं. वजनाने शरीराचा सुमारे २ टक्के असलेला मेंदू शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा खातो. निसर्ग एवढा खर्च नव्वद टक्के निकामी यंत्रावर करत नाही.

वय चाळीस झालं. आता मेंदू नवीन काही धरेल का?

धरेल, सावकाश धरेल. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात आणि त्यात वर्षं जातात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांना या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. तो आधीपासूनच मोठा असेल, म्हणून ते चालक झाले, अशी शंका निघाली. मग शिकाऊ चालकांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले. परवाना मिळवणाऱ्यांत वाढ दिसली, न मिळवणाऱ्यांत नाही. ही सगळी मोठी माणसं होती.

स्मरणशक्तीची गोळी, चूर्ण, काही सुचवाल?

नाही. निरोगी माणसाची स्मरणशक्ती खात्रीने वाढवते, असं सिद्ध झालेली गोळी नाही. त्या पैशांत चालायला चांगले बूट घ्या. १२० ज्येष्ठांच्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, फक्त अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला.

पेपर हातात आला की डोकं कोरं होतं. घरी सगळं येत होतं.

आधी तपासा: घरी पुस्तक मिटून येत होतं का? अनेकदा 'कोरं होणं' हे न झालेल्या अभ्यासाचं सभ्य नाव असतं. पण खरोखर येत असूनही अडत असेल तर कारण भीती. थोडा ताण मदत करतो. फार झाला की कपाळामागचा विचार करणारा भाग ढिला पडतो आणि एका वेळी चारेक गोष्टीच मावणारी मनातली विचाराची जागा 'आता काय होणार' यानेच भरते.

दोन गोष्टी करून पाहा. घरी सराव करताना वेळ लावून, टेबलावर, पाण्याच्या बाटलीशिवाय दुसरं काही न ठेवता बसा, म्हणजे पेपरातली परिस्थिती अनोळखी राहत नाही. आणि पेपरच्या आधी दहा मिनिटं, मनात जे भय आहे ते कागदावर उतरवा. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ च्या प्रयोगात घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग झाला होता. सगळ्यांना होईलच असं नाही, पण खर्च एका कागदाचा आहे.

अभ्यासाला बसावंसंच वाटत नाही. त्याला काय उपाय?

वाटण्याची वाट पाहू नका. 'उद्या अभ्यास करीन' असं म्हणू नका. 'जेवण झाल्यावर ताट ठेवलं की टेबलापाशी बसून तीन कार्डं बघीन' असं ठरवा. केव्हा, कुठे आणि काय, हे आधी ठरलेलं असलं की काम होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गॉलविट्झर यांनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. सलग किती वेळ बसायचं याचा जादूचा आकडा नाही. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर बेतली होती. सुरुवात होत नसणाऱ्यांना ती चांगली. अवघड उदाहरणात रंगलेल्याला पंचविसाव्या मिनिटाला उठवण्यात काही अर्थ नाही.

सगळं करूनही माझी मुलगी मागेच पडते. आम्ही कुठे चुकतोय?

कदाचित कुठेच नाही. नजर, श्रवण, झोप हे आधी तपासून घ्या. अक्षरं उलटसुलट होत असतील, वाचन वयाच्या मानाने फारच अडखळत असेल, लक्ष टिकतच नसेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडालं असेल, तर अभ्यासाच्या युक्त्या बाजूला ठेवून तज्ज्ञांकडे जा. वाचनअक्षमता असलेल्या मुलाला 'अजून मेहनत कर' सांगणं म्हणजे चष्मा लागलेल्याला डोळे मोठे करायला सांगणं.

आई-वडील म्हणून आम्ही शेजारी बसून काय करू शकतो? विषय आम्हाला येत नाहीत.

विषय यायची गरज नाही. पुस्तक तुमच्या हातात घ्या, तिच्या हातात देऊ नका. धड्यातलं एखादं ठळक शीर्षक वाचा आणि म्हणा, 'हे मला समजावून सांग.' मग गप्प बसा. पाच-सात सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि तोंडून 'अगं, ते नाही का...' निघून जातं. ते गिळा. ती अडखळत असते, छताकडे बघत असते, तेव्हाच काम चाललेलं असतं. चुकली तर ओळ दाखवा, रागावू नका, आणि दोन दिवसांनी तेच परत विचारा.